तेजपूर ते तवांग गाडी आणि होमस्टे: 75 वर्षांच्या आण्णांना घेऊन केलेल्या 8 दिवसांच्या ट्रिपचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. ड्रायव्हर 5 पैकी 5, तवांगचा होमस्टे 5 पैकी 5, आणि ज्या एजन्सीकडून पॅकेज घेतलं तिला 5 पैकी 2, ते 2 पण एवढा चांगला ड्रायव्हर दिला म्हणून. एजन्सीचं नाव इथे लिहीत नाही, त्यांच्याशी जे बोलायचं ते बोलून झालंय, पण काय बिघडलं ते खाली सविस्तर लिहिलंय कारण म्हातारं माणूस बरोबर नेणाऱ्यांना ते कळायलाच पाहिजे.

आता तवांगच का, ते सांगते. आमचं गाव कराडजवळ. आण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. 1962 ला ते 12 वर्षांचे, सातवीत. त्या दिवाळीच्या सुमारास चीनने हल्ला केल्याच्या बातम्या यायला लागल्या, शाळेत गुरुजी नकाशा लावून नेफा (म्हणजे आत्ताचं अरुणाचल) कुठे आहे ते दाखवायचे, आणि मग एक दिवस गावात बातमी आली की आपले यशवंतराव चव्हाण साहेब दिल्लीला संरक्षणमंत्री झाले. आमच्या आजीने पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्या काढून संरक्षण निधीला दिल्या, ती माळ अजून घरात आहे आणि त्यातली ती मोकळी जागा तशीच ठेवलीय. आण्णा मला लहानपणापासून सांगत आलेत की हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, आणि दर वेळी मी विचारायचे की आण्णा, धावून गेलेल्या सह्याद्रीने तिथे नेमकं काय केलं हो? तर म्हणायचे, ते तिकडे जाऊन बघायला पाहिजे. म्हणून या ऑक्टोबरच्या शेवटी नेलं.

पुणे ते गुवाहाटी विमान, तिथून तेजपूरला मुक्काम. तेजपूरला आमचे ड्रायव्हर दादा भेटले (आसामीतही मोठ्या भावाला दादाच म्हणतात, आण्णांना याचं इतकं कौतुक वाटलं की पहिल्या तासातच दोघांची गट्टी जमली). चाळिशीचे असतील, बोलणं कमी, गाडी एकदम सांभाळून चालवणारे. आण्णांनी त्यांना विचारलं तुमच्या घरी 62 ची काही आठवण सांगतात का, तर म्हणाले आजी सांगायची, बोमडिला (तवांगच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव) पडल्यावर अख्खं तेजपूर रिकामं झालं, लोक बोचकी घेऊन ब्रह्मपुत्रेच्या काठावर, तेव्हा आत्ताचा पूल नव्हता, फेरीबोटीने पलीकडे जायचं, आणि बँकेत नोटा जाळल्या होत्या चिन्यांच्या हाती पडू नयेत म्हणून. आण्णा बराच वेळ गप्प बसले. आपल्याकडे कराडात आपण नकाशा बघत होतो आणि इथे लोक घर सोडून पळत होते, एवढंच म्हणाले.

पुढचा रस्ता भालुकपाँगवरून. तिथे इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा परवाना) तपासतात, आम्ही ऑनलाइन काढलं होतं, दोन प्रिंट जवळ ठेवा, मोबाइलवरचं दाखवायला गेलं की नेमकं नेटवर्क नसतं. इथून चढ सुरू होतो. रस्ता बराचसा चांगला, काही पट्टे दरड पडल्यामुळे खराब, आणि दर थोड्या अंतरावर बीआरओचे (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संस्था) बोर्ड. त्यावर प्रोजेक्ट वर्तक असं लिहिलेलं असतं, आपल्याला एकदम वसईकडचं आडनाव वाटतं. हे प्रोजेक्ट 1960 ला सुरू झालं तेव्हा नाव टस्कर होतं, 1963 मध्ये वर्तक झालं. 62 ला या वाटेवर जेमतेम कच्चा रस्ता होता, आणि तवांगच्या पलीकडे नामका चू नदीच्या काठावर जी ब्रिगेड नेऊन बसवली होती तिला तर शेवटचे कित्येक दिवस पायीच जावं लागलं, सामान विमानातून टाकायचे आणि त्यातलं निम्मं दरीत. आमच्या इनोव्हात बसून त्या वळणांवरून जाताना हे डोक्यातून जात नाही.

डोंगरातला पहिला मुक्काम दिरांगला केला. हे प्लीज पाळा. एजन्सीवाले म्हणत होते एका दिवसात तवांग होतं, होत असेल, पण तेजपूर ते तवांग सव्वातीनशे किलोमीटर डोंगराचा रस्ता आहे आणि वर हवा विरळ, शरीराला वेळ द्यावाच लागतो. 62 ला सपाटीवरच्या आपल्या पोरांना आणून थेट 14-15 हजार फुटांवर उभं केलं होतं, कित्येकांच्या अंगात उन्हाळी सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, हातात जुन्या थ्री नॉट थ्री रायफली आणि माणशी मोजून 50 गोळ्या. थंडीने आणि उंचीने माणसं गेली, गोळी लागायच्या आधी.

तिसऱ्या दिवशी सेला खिंड. इथे आमचं आणि ड्रायव्हर दादांचं थोडं वाजलं, म्हणजे प्रेमाने. आता सेला टनेल झालाय, मार्च 2024 ला सुरू झाला, 13 हजार फुटांवर, बर्फातही तवांगचा रस्ता चालू राहतो त्यामुळे. दादा म्हणत होते काकांचं वय बघता टनेलने जाऊ. आण्णा म्हणाले मी सेला बघायलाच आलोय, बोगदा बघायला नाही. शेवटी ठरलं की खिंडीवर फक्त 10 मिनिटं उतरायचं, हळू चालायचं, बोलायचं नाही. खिंड 13,700 फूट. मोठी रंगीत कमान, शेजारी निळंशार तळं, आणि वारा असा की कानटोपीच्या आतही कान बधिर.

बोलायचं नाही ठरलं होतं पण आण्णा बोललेच. तिथे उभं राहून त्यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, म्हणून इथे लिहितेय. 20 ऑक्टोबरला हल्ला झाला, चार-पाच दिवसांत तवांग गेलं. मग जवळजवळ तीन आठवडे लढाई थांबल्यासारखी होती आणि आपण या सेलावर मोर्चे बांधले. जागा मजबूत होती, एका ब्रिगेडचा तळ होता. आणि 17 नोव्हेंबरच्या रात्री इथून माघारीचा घोळ झाला, धड लढाई न होता सेला सुटलं, माघारी जाणारी माणसं दिरांगच्या वाटेवर मारली गेली. मग बोमडिला. आणि 21 तारखेला सकाळी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्याचं कळलं, त्याच दिवशी चव्हाण साहेबांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली.

म्हणजे बघा, मी इतकी वर्षं समजत होते की यशवंतराव गेले आणि मग लढाई सावरली वगैरे. तसं काहीच नाही. ते पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. त्यांच्या वाट्याला युद्ध आलंच नाही, त्यांच्या वाट्याला आली हरलेली फौज, राजीनामा दिलेले सेनाप्रमुख थापर, सुन्न झालेले नेहरू आणि चिडलेली संसद. आण्णा म्हणाले, सह्याद्री धावला खरा, पण पोचला तेव्हा आग विझली होती आणि राख झाली होती, आणि त्या राखेतून घर उभं करायचं काम त्याच्याकडे आलं.

साहेबांच्या आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याबद्दल आण्णा सरसकट वाईट बोलत नाहीत हे मला आवडतं. आपल्या कारखान्यांत शस्त्रं बनली पाहिजेत हा आग्रह त्यांचाच, मिग लढाऊ विमानांची बोलणीही त्यांच्याच काळातली. पण 1959 मध्येच तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा देण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या (मग मागे घेतला), बढत्यांवरून लष्करात गट पडले होते, आणि 22 सप्टेंबर 1962 ला चिन्यांना नामका चूच्या पलीकडच्या थागला डोंगराच्या उतारावरून हुसकवायचा निर्णय झाला त्या दिवशी संरक्षणमंत्री न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात होते, पंतप्रधान परदेशात होते, थापरांनी लेखी आदेश मागितला आणि एका सहसचिवाच्या सहीने तो दिला गेला. इतक्या मोठ्या गोष्टीवर एका सहसचिवाची सही. मला हे ऐकून पोटात कसंतरी झालं. 31 ऑक्टोबरला मेनन यांच्याकडचं संरक्षण खातं गेलं आणि आठवड्याभरात मंत्रिमंडळही सुटलं.

आणि साहेबांनी काय केलं, तर रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना एका टेबलावर बसवायला सुरुवात केली. वाचायला किती साधं वाटतं. पण मंत्री, सेनापती आणि बाबू एका खोलीत एकमेकांसमोर बोलतायत, कुणी कुणाला वगळून आदेश काढत नाहीये, हेच तर आधी नव्हतं. मग 62 च्या पराभवाची चौकशी, हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केलेली. तो रिपोर्ट सरकारने आजही उघड केलेला नाही, पण 2 सप्टेंबर 1963 ला साहेबांनी संसदेत त्याचा गाभा सांगितला की डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण नव्हतं, सामान कमी पडलं, कमांडची व्यवस्था बिघडली होती. सगळा रिपोर्ट टेबलावर ठेवला तर सैन्याचं मनोधैर्य जाईल असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ते मला पटतं, साठ वर्षांनंतरही बंद ठेवणं मात्र मुळीच पटत नाही, ज्यांची पोरं गेली त्यांच्या नातवंडांना तरी वाचू द्या.

पुढे 1964 पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांची फौज, 10 माउंटन डिव्हिजन, हवाई दलाची 45 स्क्वॉड्रन. मदत मागायला अमेरिकेला गेले तर तिथे असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली. नाशिकजवळच्या ओझरचा मिगचा कारखाना त्याच काळातला, आणि 1963 मध्ये ते लोकसभेवर गेले तेही नाशिकमधूनच, बिनविरोध. 1965 ला 1 सप्टेंबरच्या संध्याकाळी जम्मूतल्या छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा विमानं वापरायची परवानगी साहेबांनी काही मिनिटांत दिली होती. 62 ला आपण लढाऊ विमानं बाहेरच काढली नव्हती.

10 मिनिटांची 25 झाली. दादांनी आण्णांना धरून गाडीत बसवलं आणि हातात गरम पाण्याचा थर्मास दिला.

आता एजन्सीचं. पॅकेजमध्ये लिहिलं होतं की गाडीत ऑक्सिजनचा कॅन असेल. गाडीत बसल्यावर आण्णांना थोडं गरगरलं, ओठ जरा निळसर वाटले, मी कॅन काढला, मास्क लावला, दाबला, तर फुस्स. रिकामा. मागच्या कुठल्यातरी ट्रिपला वापरून तसाच परत ठेवलेला. माझे हातपाय गळाले. दादांनी एक शब्द न बोलता गाडी खाली घेतली, जसवंतगडला (वाटेवरचं युद्धस्मारक) लष्कराचे लोक होते, त्यांनी आण्णांना आत बसवून तपासलं, गरम चहा दिला, अर्ध्या तासात बरं वाटलं. एजन्सीला फोन केला तर म्हणे मॅडम, कॅन तर दिला होता ना. दिला होता. यादीत टिक पण केलेली होती. आण्णा माझ्यावरच चिडले, फोन ठेव म्हणाले, आणि मग म्हणाले बासष्ट सालीसुद्धा कागदावर सगळं होतंच.

जसवंतगडबद्दल थोडंसं. रायफलमन जसवंतसिंह रावत, 4 गढवाल रायफल्स, 17 नोव्हेंबर 1962, मरणोत्तर महावीर चक्र. त्यांची खोली, अंथरूण, गणवेश अजून रोज नीट लावून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला लष्कराकडून चहा मिळतो, पैसे घेत नाहीत. तिथे गोंगाट करू नका, आमच्यासमोर एक ग्रुप रील्स बनवत होता ते बघून वाईट वाटलं.

तवांगचा होमस्टे एका मोनपा (तिथली स्थानिक जमात) कुटुंबाचा, बाजारापासून चालत 10 मिनिटं. खोलीत लाकडावर चालणारी बुखारी (खोली गरम ठेवायची शेगडी), दोन-दोन जाड रजया, बाथरूमला गरम पाणी सकाळ-संध्याकाळ. मालकीणबाईंना कॅनचा प्रकार सांगितला तर त्या स्वतः औषधाच्या दुकानातून नवीन कॅन घेऊन आल्या, दाबून दाखवला आणि मगच पैसे सांगितले, दुकानात लागले तेवढेच. जेवण साधं, भात, डाळ, पालेभाजी, थुक्पा, मोमो. बटर चहा आण्णांना आवडला नाही, खारट चहा म्हणजे काय असं म्हणत होते, पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला. आम्ही चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती ती त्यांच्या घरातल्या लहान मुलाने संपवली. भाडं जे ठरलं तेच घेतलं.

तवांग वॉर मेमोरियलला आण्णा दोनदा गेले. 40 फुटी स्तूप आणि काळ्या ग्रॅनाइटवर 2,420 नावं, एवढी फक्त कामेंग सेक्टरमधली (म्हणजे तवांग, सेला, बोमडिला हा भाग). आण्णा बोट फिरवत वाचत होते, राजपूत, शीख, पंजाब, गढवाल, गुरखा, आसाम रायफल्स. मास्तर हजेरी घेतात तसं. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो चुकवू नका, पण दोन जॅकेट घाला.

बॉब खाथिंग यांच्या नावाचं नवं म्युझियमही बघा, 1951 मध्ये मूठभर आसाम रायफल्सचे जवान घेऊन तवांगमध्ये भारताचा कारभार सुरू करणारा मणिपूरचा माणूस, आपल्याकडे कुणाला माहीतच नाही. याचं उद्घाटन 31 ऑक्टोबर 2024 ला राजनाथ सिंह यांनी केलं पण हवामानामुळे त्यांना वर येताच आलं नाही, तेजपूरहूनच करावं लागलं. खुद्द संरक्षणमंत्र्यांना येता येत नाही तिथे आपली काय कथा, म्हणून प्लॅनमध्ये एक दिवस जास्तीचा ठेवाच. त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला मात्र ते तवांगला शस्त्रपूजेला आले होते आणि चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीलाही गेले होते.

बुमलाला मी एकटी गेले, होमस्टेतल्या दोन नागपूरच्या मुली सोबत होत्या. आण्णांना आम्ही नेलं नाही, 15,200 फूट आहे, आणि सेलाच्या प्रकारानंतर त्यांनीही हट्ट केला नाही. इथे पण एजन्सीने गोंधळ घातला, पॅकेजमध्ये बुमला धरलंय म्हणाले होते, पण बाहेरची गाडी वर चालत नाही, तवांगचीच लागते, परमिट वेगळं काढावं लागतं, त्यावर लष्कराचा शिक्का लागतो, हे त्यांनी सांगितलंच नाही. गाडीचे साडेपाच हजार आमचे आम्ही दिले, तिघींत वाटून. परमिटचं काम मालकीणबाईंच्या भाच्याने आदल्या दिवशी करून आणलं. रस्ता खडबडीत, तळीच तळी, वाय जंक्शनवरून एक फाटा संगेत्सरला जातो ज्याला सगळे माधुरी लेक म्हणतात, आपल्या माधुरी दीक्षितचं शूटिंग झालं होतं म्हणून.

बुमलाला तसं बघितलं तर काहीच नाही. दगडांचा ढीग, तारा, पलीकडे तसेच उघडे डोंगर, आणि एक जवान शांतपणे माहिती सांगतो की इथे दोन्हीकडचे अधिकारी भेटतात, बोलतात. फोटो ते सांगतील तिथेच काढा. मला तिथे उभं राहून शरद पवार आठवले, 1992 मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून चीनला गेले होते, भारताच्या संरक्षणमंत्र्याची ती पहिली चीन भेट, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये नरसिंह रावांच्या काळात सीमेवर शांतता ठेवायचा करार झाला. गोव्याचे पर्रीकरही 2016 ला जाऊन आले. आणि तरी 9 डिसेंबर 2022 ला याच तवांग सेक्टरमध्ये यांगत्सेला झटापट झालीच, चार दिवसांनी राजनाथ सिंहांना संसदेत निवेदन करावं लागलं. त्या वेळी आपले जवान तिथे होते, नीट कपड्यांत होते, रस्ता मागे होता, चिन्यांना परत जावं लागलं आणि आपला एकही जवान गेला नाही. सीमेवरच्या पोराच्या पायात बूट आहे का हे बघणारा मंत्री मला चांगल्या भाषण करणाऱ्या मंत्र्यापेक्षा हजार पटीने मोठा वाटतो, आणि हे मी बुमलाच्या थंडीत आपल्याच बुटांतली बोटं बधिर झालेली असताना ठरवलंय.

परत आल्यावर आण्णांनी पहिला प्रश्न विचारला, जवानांच्या अंगात काय होतं? मी सांगितलं जाड पांढरं जॅकेट, मोठे बूट, हातमोजे, गॉगल. सगळ्यांच्या? हो, सगळ्यांच्या. मग त्यांनी रजई वर ओढली आणि झोपले.

खर्चाचं म्हणाल तर विमान सोडून दोघांचे साधारण 70 हजार झाले. तुम्ही एजन्सीच्या भानगडीत पडू नका, तेजपूरहून थेट गाडी ठरवा, होमस्टे थेट फोन करून घ्या, आणि 60 च्या वरचं कुणी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवून उंचीच्या गोळ्यांचं विचारा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर चांगला, पावसाळ्यात दरडींमुळे जाऊ नका. दिरांगचा मुक्काम जाताना-येताना दोन्ही वेळा ठेवा. आणि ऑक्सिजनचा कॅन गाडी सुटायच्या आधी हातात घ्या, वजन बघा, एकदा दाबून बघा. परतीच्या दिवशी सकाळी सहाला, आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा आण्णा कानटोपी घालून एकटेच गाडीपाशी उभे राहून तेच करत होते.